जो वाईट खेळेल, त्याच्या घरी

मी फुटबॉल बोलतोय. चामड्याचा, अठरा पट्ट्यांचा, तोंडाला वादी बांधलेला, जुन्या धाटणीचा. आजकालची पोरं मला पाहून म्हणतील, हा बॉल आहे की भोपळा? म्हणू देत. उभं आयुष्य लाथा खाण्यात गेलं, कुणी भोपळा म्हटल्यानं माझं काय बिघडणार आहे!

पण आज मला माझं रडगाणं गायचं नाही. मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. तो फुटबॉल शिकवायचा. त्याचं मोठेपण मोजायची वेळ आली तेव्हा लोकांनी जे माप लावलं, त्यात तो बसला नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण बॉलला कोण विचारतो?

माझा जन्म जालंधरचा. एका कारागिरानं मांडीवर घेऊन मला आतली बाजू बाहेर करून उलटा शिवला आणि थोडे टाके उरले तेव्हा तोंडातून ओढून सुलटा केला. मग पोटात रबरी ब्लॅडर गेलं, हवा गेली, तेव्हा कुठे मी उसळलो. त्र्याहत्तरच्या थंडीत गोणपाटात बांधून, माझ्या भावंडांबरोबर मी लखनौला आलो. अमौसीच्या रस्त्याला एक सरकारी कारखाना होता, त्याच्या वसाहतीमागे मैदान होतं. मैदान म्हणजे काय, एका अंगाला बाभळी आणि दुसऱ्या अंगाला म्हशींचं डबकं. माझं आयुष्य त्या दोघांच्या मध्ये गेलं.

गोणपाट सोडलं ते दादाराव गोंडाणे यांनी. मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी कामठीच्या मैदानांवर अनवाणी खेळलेले. पुढे नोकरीनं त्यांना कारखान्याच्या भांडारात आणून बसवलं. दिवसभर नटबोल्टांची देवघेव करायची आणि सकाळ-संध्याकाळ कारखान्याच्या संघाला शिकवायचं, असं त्यांचं चाललं होतं. तिथल्या लोकांना गोंडाणे हे नाव काही उच्चारता येईना, म्हणून सगळे त्यांना ‘राव साहब’ म्हणत.

भावंडांना त्यांनी सामन्यांसाठी बाजूला ठेवलं. मी जरा वाकडा शिवला गेलो होतो, उसळी घेताना डावीकडे कलायचो. दादारावांनी मला जमिनीवर दोनदा आपटून पाहिलं आणि म्हणाले, "हा सरावाले ठेवू. जो ह्याले सांभाळन, तो कोणताही बॉल सांभाळन." वाकड्या बॉलचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नसेल. मी त्यांचा झालो तो त्या दिवसापासून.

आता त्यांची एक रीत सांगतो. सगळी गोष्ट त्या रीतीपाशीच येऊन थांबते.

सराव संपला की पोरं दमून गवतात बसायची. दादाराव मला बगलेत धरून एकेकाकडे पाहायचे. पोरं खाली मान घालून आपल्याच अंगठ्यांशी खेळायची. मग त्या दिवशी ज्याचा खेळ सगळ्यात वाईट झाला असेल, त्याच्या छातीवर ते मला अलगद फेकायचे. "ले, घर ले जा." पोरगा मराठी असला तर, "घे, ने." एवढंच. शिवीगाळ नाही, भाषण नाही.

ज्यानं मला घरी नेलं त्यानं मला पुसायचं, शिवणींना एरंडेल चोळायचं आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर आणून द्यायचं. दादाराव तिथं येऊन उभेच असत. थंडीत धुकं इतकं असायचं की त्यांचा फक्त मफलर दिसायचा. बाकीचे येईपर्यंत मैदानावर आम्ही तिघंच. त्या वेळात ते त्या पोराचा घोटा हातात धरून वळवायचे, त्याच्या पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवायचे, घरचं विचारायचे, भूक लागली का विचारायचे. एरवी तुटक बोलणारा हा माणूस त्या वेळात आईसारखा बोलायचा.

"चांगल्याले बॉल काय शिकवणार?" एकदा त्यांनी एका सोबत्याला सांगितलं होतं. "डॉक्टर आजारी माणसाच्याच घरी जाते ना जी?"

असा मी घरोघर फिरलो. जुन्या शहरातल्या चौक भागात, इश्तियाकच्या घरी त्याच्या बहिणी चिकनचं भरतकाम करत बसायच्या. मला पाहताच त्या पांढरं कापड उराशी धरून ओरडायच्या, "अम्मी, वो काली बला फिर आ गई!" रामसजीवनच्या आईनं मला चामड्याचा म्हणून जोड्यांच्या रांगेत दाराबाहेर ठेवलं. सगळे आत गेल्यावर पोरानं मला गुपचूप उचलून स्वतःच्या खाटेखाली सरकवलं. आणि मधुसूदन! त्याचे वडील हवाई दलात होते आणि तो आमचा गोलकीपर होता. दोन्ही हातांतून मी सुळकन निसटावा असे त्याचे हात. पहिल्यांदा तो मला घेऊन गेला तेव्हा त्याच्या आईला, सरलाबाईंना वाटलं, पोरानं बक्षीस आणलं. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, पुढ्यात साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी कपाळावर कुंकू घेऊन मैदानावर गेलो तेव्हा पोरं हसून लोळली. दादाराव मात्र हसले नाहीत. "पुसू नका," म्हणाले. "ज्या मायनं लावलं, तिच्या मनानं लावलं."

तेव्हापासून वसाहतीत आणि छावणीतल्या मराठी घरांत एक समज पसरला. ज्याच्या घरी बॉल जातो, तो उस्तादांच्या, म्हणजे दादारावांच्या, मर्जीतला. समज चुकीचा होता. आणि खरं सांगायचं तर बरोबरही होता.

पंचाहत्तर साली माणिक आला. हवालदार आत्माराम शेळक्यांचा मुलगा, साताऱ्याकडचा, सतरा-अठराचा. छावणीतून सायकल हाणत यायचा. पहिल्या दिवशी मी त्याच्या पायात गेलो आणि माझा डावा कल त्याला तिथल्या तिथे कळला. माझ्या वाकडेपणाचाच त्यानं उपयोग करून घेतला. समोरचा उजवीकडे झेपावला आणि आम्ही दोघं डावीकडून निघून गेलो. मला शिवणाऱ्या कारागिराची आठवण आली त्या दिवशी. त्यानं ते पाहायला हवं होतं.

दादारावांनी काही कौतुक केलं नाही. त्यांनी फक्त मफलर काढून पुन्हा गुंडाळला. पण सराव संपून मी त्यांच्या बगलेत गेलो, तेव्हाही त्यांचं काळीज कसं धडधडत होतं ते मला कळलं.

त्यांनी त्याला पुष्कळ शिकवलं. पण सगळ्यांच्या देखत, लांबून, हाका मारून. "बायाँ पैर, माणिक! मान वर कर!" त्याचा घोटा कधी हातात घेतला नाही. कारण तो कधी वाईट खेळलाच नाही. रोज संध्याकाळी मी कुणाच्या तरी छातीवर जायचो आणि रोज माणिकचे हात अर्धवट वर येऊन खाली जायचे. ते बाकी कुणाला दिसलं नसेल. मी हवेत असायचो, मला दिसायचं.

एकदा त्याचे वडील सराव पाहायला आले होते. परतताना सायकल धरून उभे राहिले नि म्हणाले, "का रं, बॉल आपल्या घरला कवा यायचा? त्या मधुसूदनाच्या घरला सारखा जातोय म्हनं."

"बाबा, वो खराब खेळणाऱ्याला देतात," माणिक म्हणाला.

"मग तुला एक दिस खराब खेळाय येत न्हाई व्हय?" हवालदार खो खो हसले. ते थट्टेनं बोलले होते. माणिक हसला नाही.

त्याच सुमारास कारखान्याचे क्रीडासचिव श्रीवास्तव साहेब मैदानावर आले. गोड बोलणारा माणूस, कटू बोलायचं तरी आधी तब्येत विचारणारा. "राव साहब, आपकी मेहनत में कोई शक नहीं. मगर टीम हर साल दूसरे राउंड से लौट आती है. ऊपर वाले पूछते हैं, टीम रखनी है या नहीं. देखिए, कोच की पहचान उसके खिलाड़ी से होती है. आप बस एक नाम बता दीजिए, जिसे लोग जानते हों."

दादारावांनी मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "एक लड़का है, साहब," ते म्हणाले. "थोड़ा वक़्त दीजिए. पूरा लखनऊ जानेगा."

"ज़रूर, ज़रूर," श्रीवास्तव म्हणाले. "उसी दिन आपको भी जान लेंगे."

आता दादारावांचं सगळंच त्या एका पोरावर येऊन ठेपलं. संघ राहणार की नाही, भांडारातून सुटून पुरतं शिकवायला मिळणार की नाही, आणि इतकी वर्षं धुक्यात उभं राहून आपण काही केलं की नुसते उभेच राहिलो, तेही.

मग तो दिवस आला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. माणिकच्या समोर गोल मोकळा होता, मधुसूदन तिकडे घसरून पडलेला. माणिकनं मला लाथ मारली आणि मी बाभळीत गेलो. पुढचा पास त्यानं समोरच्याच्या पायात दिला. मग माझ्यावरून अडखळून पडला. पोरं अवाक झाली. पण मी सांगतो, जन्मभर लाथा खाल्ल्यात, कुठली लाथ चुकली आणि कुठली चुकवली ते मला बरोबर कळतं. त्या दिवशी त्याचा पाय खोटं बोलत होता.

सराव संपला. माणिक सगळ्यांच्या पुढे येऊन बसला. इतर पोरांची मान खाली, याची मात्र वर, आणि चेहरा असा उजळलेला की कुणालाही वाटावं हा आज सामना जिंकून आलाय. मला पाहून तो हसत होता. त्याचे दोन्ही हात तयार होते.

दादारावांनी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. उस्तादाला कळणार नाही तर कुणाला? पण काय कळलं? एवढंच, की हा मुद्दाम वाईट खेळला. का खेळला, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

"माणिक," ते म्हणाले, "खेळासंग खोटं बोलू नोको."

आणि त्यांनी मला कुणालाच दिलं नाही. बगलेत मारलं आणि स्वतःच्या घरी घेऊन गेले. इतक्या वर्षांत प्रथमच मी त्यांच्या घरी चाललो होतो. जाताना मी मागे पाहिलं. माणिकचे हात अजून तसेच होते.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एक फळी. दादारावांनी मला त्या फळीवर ठेवलं आणि मफलर न सोडताच बसले. मुलगी मालिनी म्हणाली, "बाबा, ये यहाँ क्यों? इसका तो घर ही नहीं होता." त्यांच्या पत्नी द्रौपदीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात थांबवला.

"काय झालं?"

"तो पोट्टा आज खोटा खेळला. मुद्दाम. माह्या डोळ्यासमोर."

द्रौपदीबाई म्हणाल्या, "त्याले बॉल घरी न्यायचा असन."

"त्याले कायले पाहिजे बॉल? दिवसभर त्याच्याच तर पायात असते."

"पायात असते, घरी नाही येत ना," द्रौपदीबाई म्हणाल्या. "सकाळी पोरं तुमच्यासंग एकटी राहतात, ते त्यानं कधी पाहिलं का? हुशार लेकराले कोणी जवळ घेत नाही. आपल्या मालिनीले तरी तुम्ही कधी जवळ बसवून शिकवलं? तिले येते म्हणून नाही शिकवलं."

मालिनीनं वर पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. दादाराव उठले, वाटीत एरंडेल घेतलं आणि माझ्या एकेका शिवणीला स्वतः चोळत बसले. पुष्कळ वेळ चोळलं. "उद्या देतो त्याले," ते म्हणाले. "सकाळीच देतो. तो आला की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नेहमीपेक्षा लवकर मैदानावर गेलो. धुक्यात सायकलची घंटी वाजली की दादाराव मला छातीशी धरून पुढे व्हायचे. कधी दूधवाला निघायचा, कधी कारखान्यातला कामगार. पोरं आली, सराव झाला, ऊन वर आलं. माणिक आला नाही. पुढच्या दिवशीही नाही. मग इश्तियाकनं बातमी आणली, शहरातल्या मोठ्या संघात त्याला घेतलं, बक्षी साहेबांनी.

बक्षी साहेबांबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांच्या संघाचं कपाट चषकांनी भरलेलं होतं. तयार खेळाडू निवडायचा आणि त्याला योग्य जागी उभं करायचं, ही त्यांची हातोटी. तीही सोपी नसते. तयार पोर आपल्या पायानं दाराशी आलं तर कोण दार लावून घेईल?

"मी जाऊन आणतो त्याला," मधुसूदन म्हणाला.

"नाही," दादाराव म्हणाले. "मोठा संघ आहे. त्याचं भलं होईन." आणि त्या संध्याकाळी मला रामसजीवनच्या छातीवर फेकताना त्यांचा नेम चुकला.

नंतरची वर्षं भराभर गेली. माणिकचं नाव वर्तमानपत्रात यायला लागलं, आधी बारीक अक्षरात, मग जाड. राज्याच्या संघात गेला. दादाराव भांडारात येईल त्याला सांगायचे, "ये अपना लड़का है. हमारे मैदान का." लोक मान हलवायचे. मोठ्या माणसाला आपला म्हणणारे पुष्कळ असतात, हे लोकांना ठाऊक असतं. श्रीवास्तव साहेब तर हसून म्हणायचे, "राव साहब, कभी उसके मुँह से भी सुनवा दीजिए."

ती संधीही आली. एक्याऐंशी साली रेडिओवर माणिकची मुलाखत होणार होती. दादारावांनीच सगळ्यांना बोलावलं. संध्याकाळी काम सुटल्यावर कारखान्याच्या कँटीनमध्ये रेडिओ टेबलावर ठेवला. श्रीवास्तव साहेब आले, भांडारातले सोबती आले, संघातली पोरं दाराशी उभी राहिली. दादारावांनी धुतलेला सदरा घातला होता. सरावाला जायचं म्हणून मी त्यांच्या मांडीवर होतो.

आवाज आला. जड झालेला, पण माणिकचाच. विचारणाऱ्यानं विचारलं, "आपको इस मुक़ाम तक किसने पहुँचाया?"

"जो कुछ हूँ, बक्षी साहब की वजह से हूँ. उन्होंने मुझे बनाया."

"और उससे पहले? शुरुआत में किसी ने सिखाया?"

मध्ये एक क्षण गेला. फार मोठा नाही. मांडीवरच्या मला तो फार मोठा वाटला, कारण दादारावांची बोटं माझ्या वादीत रुतली होती.

"नहीं," माणिक म्हणाला. "ऐसे ही, मोहल्ले में खेल लेते थे."

कँटीनमध्ये कुणी चहाचा घोट घेतला तेवढा आवाज झाला. श्रीवास्तव साहेबांनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. मधुसूदन लालबुंद होऊन काही बोलणार, तेवढ्यात दादाराव हसले. इतकं केविलवाणं हसू मी कुठल्या हरलेल्या संघाच्या तोंडावरही पाहिलं नाही.

"आवाज़ साफ़ आया ना, जी?" ते म्हणाले. "लड़का अच्छा बोलता है."

मग मला उचलून ते सरावाला गेले.

त्या वर्षाअखेरीस संघ बंद झाला. कुणी भांडण केलं नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. एक नाव विचारलं होतं, ते देता आलं नाही, एवढंच. सामान मोडीत निघालं तेव्हा दादारावांनी मला मागून घेतलं. मी पुन्हा त्या फळीवर जाऊन बसलो, या वेळी कायमचा. ते रोज मला पुसायचे. एरंडेल चोळायचे. सकाळी मफलर गुंडाळून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

शेवटी शेवटी त्यांची छाती भरून यायची, फार बोलवत नसे. एक दिवस माझ्याकडे पाहत ते द्रौपदीबाईंना म्हणाले, "एक दिवस दिला असता, तर काय गेलं असतं माह्यं?"

द्रौपदीबाईंनी त्यांची पाठ चोळली. "तुम्ही गेलते ना द्यायले सकाळी."

"सकाळी गेलतो," ते म्हणाले. "संध्याकाळी द्यायचा होता."

सत्त्याऐंशीच्या होळीनंतर ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. त्रिशरण-पंचशील झालं. मग माणसं बसली, आणि मी फळीवरून एकेक ओळखायला लागलो. इश्तियाकला टक्कल पडलं होतं. रामसजीवन तालुक्याच्या एका शाळेत पोरांना खेळ शिकवत होता. मधुसूदन दूरच्या गावाहून रात्रभर प्रवास करून आला होता. यांतलं एकही नाव कधी जाड अक्षरात छापून आलेलं नाही. चषक म्हणाल तर सगळ्यांचे मिळून एका टोपलीत मावले असते.

आधी सगळे रडले. मग इश्तियाकनं मला पाहिलं. "अरे, ये अभी तक है! मेरे घर तो हर हफ़्ते आती थी."

"तुम्हारे यहाँ?" रामसजीवन डोळे पुसत म्हणाला. "अरे भाई, सबसे ज़्यादा मेरे घर आई है. हमसे ख़राब कोई खेलता था क्या?"

"ए, चूप!" मधुसूदन म्हणाला. "माझ्या आईनं कुंकू लावलंय त्याला. सगळ्यात वाईट मीच होतो."

तिघं-चौघं हमरीतुमरीवर आले. हसत होते आणि रडत होते. आपण किती वाईट खेळायचो हे जो तो छाती ठोकून सांगत होता. द्रौपदीबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. ज्या माणसापाशी दाखवायला एक नाव नव्हतं, त्याच्या घरात त्या दिवशी त्या नावाला बसायलाही जागा उरली नसती.

तेवढ्यात दारात कुणी तरी उभं राहिलं. उंच, पण एका पायावर भार टाकून. माणिक होता. गुडघा कायमचा गेल्यावर खेळ सुटला होता आणि आता तो अमौसीच्या विमानतळावर नोकरी करत होता. एकेकाळी छावणीतून सायकल हाणत यायचा, त्याहूनही कमी अंतर. इतक्या वर्षांत त्याला ते ओलांडता आलं नव्हतं.

कुणी त्याला ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. तो दाराशीच बसला. आलेला प्रत्येक जण काही ना काही आठवण सांगत होता, आणि तो ऐकत होता. कुणाचा घोटा उस्तादांनी कसा धरला, कुणाला स्वतःच्या डब्यातली भाकरी कशी दिली, कुणाचा बाप वारला तेव्हा धुक्यात दोघं न खेळता नुसतेच कसे उभे राहिले. सगळ्यांत चांगला खेळाडू तो. त्याच्यापाशी सांगायला काही नव्हतं.

माणसं उठायला लागली तेव्हा तो लंगडत आत आला आणि द्रौपदीबाईंच्या पुढ्यात बसला.

"काकू," तो म्हणाला, "बॉल मला द्याल? एक दिवस. घरी नेतो."

रामसजीवन न राहवून बोलला, "भैया, क़ायदा मालूम है ना? जो सबसे ख़राब खेले, वही ले जाता है."

"हाँ, मालूम है," माणिक म्हणाला. मग मराठीत वळला, बहुधा दादारावांच्या घरात हिंदीत म्हणवेना म्हणून. "रेडिओवर मला विचारलं होतं. गोल मोकळा होता. समोर कुणी नव्हतं. नुसतं नाव घ्यायचं होतं." त्यानं मान खाली घातली. "सगळ्यात वाईट मीच खेळलोय, काकू. या वेळी मुद्दाम नाही सांगत. खरंच."

द्रौपदीबाई उठल्या. त्यांनी मला फळीवरून काढलं, पदरानं पुसलं. त्यांनी त्याला काही सुनवावं, असं तिथल्या पुष्कळांना वाटत होतं. मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी मला त्याच्या छातीवर अलगद फेकलं.

"घे," त्या म्हणाल्या. "ने."

त्याचे हात तयार नव्हते. मी त्याच्या छातीवर आदळून मांडीत पडलो, आणि त्यानं मला दोन्ही हातांनी असं धरलं की माझ्या जुन्या शिवणी करकरल्या.

त्या दिवाळीत त्याला मला घरी न्यायचं होतं ते त्याच्या वडिलांनी पाहावं म्हणूनही. हवालदार आता साताऱ्याला असतात, त्यांना दिसत नाही. माणिकनं रिकाम्या घरात मला टेबलावर ठेवलं, शिवणींना एरंडेल चोळलं, कसं चोळतात ते कुणी न सांगता. सकाळी सगळ्यांच्या आधी मला घेऊन मैदानावर गेला. बाभळी तोडल्या आहेत, डबकं बुजवलं आहे, पण मैदान शिल्लक आहे. तिथं कुणीही उभं नव्हतं. नियम असा होता की सकाळी बॉल परत द्यायचा. कुणाला द्यायचा? माणिक ऊन येईपर्यंत थांबला आणि मला परत घेऊन आला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी त्याच्या ट्रंकेवर असतो. ब्लॅडर कुजलं आहे, आकार राहावा म्हणून त्यानं माझ्या पोटात चिंध्या भरल्या आहेत. तो रोज मला पुसतो. कधी कधी मांडीवर घेऊन बसतो. त्यानं मला फार जपलंय. पण मी एवढा काळ कुणाच्याच घरी राहिलो नव्हतो. मी एका रात्रीचा पाहुणा. दादारावांनी मला तसाच ठेवला होता.

तुम्ही कुणाचे चषक मोजायचे ते खुशाल मोजा. मला फक्त माणिकशी बोलायचं आहे, आणि माझा आवाज त्याला ऐकू जात नाही. तुमच्यापैकी कुणी अमौसीकडे गेलात तर माझा निरोप द्या. त्याला म्हणावं, बाबा रे, झालं आता. चिंध्या काढ. ब्लॅडर नवं मिळतं, चौकात मोची अजून बसतो. पहाटे मफलर गुंडाळ आणि मैदानावर जाऊन उभा राहा. पोरं येतील. त्यांतला जो सगळ्यात जास्त धडपडेल, ज्याच्याकडे कुणी पाहत नसेल, त्याच्या छातीवर मला फेक. आणि सगळ्यात चांगला खेळणारा कोपऱ्यात हात अर्धवट वर करून उभा असेल, त्यालाही एक दिवस दे.

जास्त काही बोलू नकोस. एवढंच म्हण. घे. ने.